चेतकचं गिअर ऑइल घरच्या घरी बदलताना

परवा पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो तर आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा आला. त्याने आजोबांची चेतक गावाहून टेम्पोत टाकून आणलीय, रंग झालाय, सीट नवीन, टायर नवीन, हँडलला गोल आरसे बिरसे लावलेत, आणि मला विचारतो, "काका, ह्याच्यात इंजिन ऑइल कुठून टाकायचं?" म्हटलं बाबा, ह्या गाडीला इंजिन ऑइल नसतंच. त्याला वाटलं मी फिरकी घेतोय. मग रविवारी सकाळी दोघांनी खाली बसून त्याच्या गाडीचं गिअर ऑइल बदललं, आणि त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षभरात चौथ्यांदा आलाय.

आधी गाडी कोणती ते बघा. हे सगळं टू-स्ट्रोक चेतकबद्दल आहे. बजाजचा पियाज्जोबरोबरचा करार १९७१ ला संपला आणि १९७२ पासून आकुर्डीतून चेतक नावाने गाडी निघायला लागली, पण आतलं इंजिन व्हेस्पाच्याच घराण्यातलं. त्यामुळे बजाज सुपर, साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनायची ती प्रिया, कानपूरची एलएमएल व्हेस्पा, ह्यांचंही काम साधारण असंच चालतं, बोल्टची जागा थोडी इकडेतिकडे असते एवढंच. लॅम्ब्रेटा मात्र वेगळी जात, तिच्या पोटात चेन असते आणि ऑइलही वेगळं आणि जास्त लागतं, तेव्हा लॅम्ब्रेटावाल्यांनी हे वाचून पाना लावू नका. नंतर बजाजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरी आल्या, लेजेंड वगैरे, त्यांचंही हे नाही. आणि हल्लीची बॅटरीवाली चेतक असेल तर चहा प्या, हे तुमच्यासाठी नाही.

दोन ऑइलं, दोन वेगळ्या जागा

नवीन माणसाचा घोळ इथेच होतो म्हणून जरा सावकाश सांगतो. पेट्रोलमध्ये आपण जे मिसळतो ते टूटी ऑइल. ते पेट्रोलबरोबर क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालच्या खोलीत जातं, बेअरिंग, पिस्टन, सिलेंडर ह्यांना वंगण देतं आणि जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं, म्हणजे ते रोज नवीन येतं आणि रोज संपतं, ते बदलायचा प्रश्नच नाही. दुसरं ऑइल हे गिअर ऑइल. ते फक्त २५० मिली, पाव लिटर, केसिंगच्या, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या पेटीच्या, मागच्या भागात बंद असतं आणि त्यात गिअर, क्लचच्या प्लेटा, किकचा गिअर सगळे एकत्र बुडालेले असतात. हे जळत नाही, कुठे जात नाही, निदान जायला नको. म्हणूनच लोक विसरतात. टूटी नसेल तर पेट्रोल भरतानाच आठवण होते, गिअर ऑइलची आठवण कोण करून देणार, मी अशा गाड्या बघितल्यात की मालकाला पंधरा वर्षांत ते कधी बदललं होतं हे सांगता येत नव्हतं आणि गाडी बिचारी चालत होती.

ह्या दोन ऑइलांच्या मध्ये, म्हणजे क्रँकच्या खोलीच्या आणि गिअरच्या खोलीच्या मध्ये, क्रँकच्या दांड्यावर क्लचच्या बाजूला एक रबरी ऑइल सील असतं. एवढंच. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुठलं ऑइल

एसएई ३०. साधं, मोनोग्रेड, म्हणजे एकाच नंबराचं. स्कूटरच्या पार्टच्या जुन्या दुकानात "चेतकचं गिअर ऑइल द्या" म्हटलं की पाव लिटरची बाटली हातात देतात, आमच्याकडे पुण्यात नाना पेठेत चक्कर मारली की मिळून जातं आणि वॉशर, केबल असं किरकोळ सामानही तिथेच घेता येतं.

घोळ कुठे होतो तर मोठ्या चकचकीत दुकानात जाऊन नुसतं "गिअर ऑइल" मागितलं की. तिथला पोरगा ९० नंबर देतो, ईपी ९०, जे जीप-ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला घालतात. माझ्या एका मित्राने ते घातलं आणि डिसेंबरच्या सकाळी गाडी काढली, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला टाकला आणि गाडीने जी उडी मारली ती थेट समोरच्या कुंडीवर. कारण सोपं आहे, चेतकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, ऑइल जाड आणि त्यात थंड असलं की प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात, लिव्हर दाबला तरी सुटत नाहीत.

आता नंबराची एक गंमत सांगतो, ३० आणि ९० ऐकून वाटतं की एक दुसऱ्याच्या तिप्पट जाड असणार. तसं नाही. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि गिअर ऑइलची वेगळी. गिअर ऑइलचा ८० हा इंजिन ऑइलच्या ३० च्या आसपास बसतो आणि ९० हा ४०-५० च्या आसपास. म्हणजे ९० जाड आहेच, पण नंबरावरून वाटतो तेवढा राक्षस नाही. शिवाय ईपी ऑइलमध्ये गिअरच्या दातांवरचा दाब झेलायला जी औषधं घातलेली असतात ती आपल्या कॉर्कच्या क्लच प्लेटांसाठी बनवलेली नाहीत.

एसएई ३० नाहीच मिळालं तर? मेकॅनिक लोक सर्रास २०डब्ल्यू४० घालतात, बाइकचं. चालतं. मी स्वतः एकदोनदा घातलंय, गाडी रुसली नाही, सकाळी पहिला गिअर जरा खट्ट पडतो एवढंच. फक्त बाइकचंच घ्या, बाटलीवर जासो एमए असं लिहिलेलं असतं, म्हणजे ओल्या क्लचला चालणारं. कारसाठी जी पातळ, मायलेज वाढवणारी ऑइलं येतात त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं, मग चढावर इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. सिंथेटिक बिंथेटिकच्या नादी लागायची ह्या गाडीला काही गरज नाही, ते पैसे चांगल्या केबलमध्ये घाला.

सामान

माझ्या चेतकला दोन्ही बुचांना, म्हणजे ऑइल भरायचा एक आणि काढायचा (ड्रेनचा) एक, ११ चा पाना लागतो. रिंग पाना घ्या, फिक्स पान्याने डोकं गोल होतं, आणि अ‍ॅडजस्टेबल पाना असेल तर तो आधी वरच्या फडताळात ठेवून या. बाकी एक पसरट भांडं, आइस्क्रीमचा चौकोनी डबा मस्त बसतो. जुनी बनियन. पेपर. नवीन वॉशर दोन. आणि औषधाच्या दुकानातून दोन गोष्टी: ५० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी. केमिस्ट विचारतो कोण आजारी आहे, सांगायचं स्कूटर.

सिरिंज दोन कामांना लागते, ऑइल भरायला आणि मोजायला. मोजायचं काम जास्त महत्त्वाचं आहे, ते का ते सांगतोच.

चला, खाली बसा

गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. गरम ऑइल पातळ होतं, भराभर पडतं आणि तळाचा गाळ घेऊन पडतं. थंड गाडीचं काढलं तर पाऊण ऑइल येतं आणि घाण आतच बसून राहते. मग गाडी सपाट जागी स्टँडवर लावा, पेट्रोलचा कॉक बंद करा, उजवीकडचं इंजिनचं कव्हर काढून बाजूला ठेवा म्हणजे दिसायला बरं पडतं. सायलेन्सर तिथूनच खालून गेलेला असतो आणि तो तुमच्या फेरीने चांगला तापलेला असतो, माझ्या उजव्या कोपरावर त्याची सही आहे.

आता बूच ओळखणं. नवीन माणूस खाली वाकून बघतो तर दहा बोल्ट आणि नट दिसतात, आणि वाईट म्हणजे केसिंगचे दोन भाग जोडणाऱ्या नटांनाही तोच ११ चा पाना बसतो. चुकून त्यातला एक सैल केलात तर ऑइल बदलायला बसलात आणि सांध्यातून गळती लावून उठलात. मी पोराला एक खूण सांगितली, जो बोल्ट काहीच धरून ठेवत नाही तो आपला. बाकी प्रत्येक बोल्ट दोन वस्तू जोडतो, कव्हर केसिंगला, केसिंग केसिंगला. ड्रेनचा बोल्ट केसिंगच्या सगळ्यात खालच्या जागी एकटाच असतो, खाली वॉशर, बाकी कशाशी संबंध नाही. भरायचा बूचही तसाच, केसिंगच्या मागच्या बाजूला, थोडा वर, एकटा.

आणि आता नियम, हा एकच नियम मी पोराला तीनदा म्हणून दाखवायला लावला: आधी भरायचा बूच उघडायचा, मग ड्रेनचा. का? समजा आधी ड्रेन उघडलात, सगळं ऑइल खाली आलं आणि मग वरचा बूच निघेना. झाली पंचाईत. ऑइल नसलेली गाडी, दुकानं बंद, रविवार. मी हे केलेलं आहे आणि मग गाडी ढकलत दीड किलोमीटर नेलेली आहे, त्यामुळे सांगतोय.

पोराच्या गाडीत नेमकं तेच निघालं. रंगवणाऱ्याने इंजिनवर सिल्व्हर मारताना भरायच्या बुचावरूनही ब्रश फिरवला होता, वॉशर आणि बूच आणि केसिंग सगळं एकजीव, तिथे बूच आहे हेच कळत नव्हतं. ब्लेडने कडेकडेने रंग खरवडला, थोडं डब्ल्यूडी-४० (जाम बोल्ट सोडवायचा स्प्रे) मारलं, दहा मिनिटं गप्पा मारल्या, मग रिंग पाना पूर्ण खोल बसवून एकच नीट झटका. निघाला. नसता निघाला तर आम्ही ड्रेनला हातच लावणार नव्हतो.

मग डबा खाली सरकवून ड्रेन. पहिला जोर पान्याने, नंतर बोटांनी, आणि बूच शेवटच्या आट्यावर आला की वर दाबून धरून झटकन बाजूला घ्यायचा, नाहीतर तो गरम ऑइलसकट डब्यात पडतो आणि वॉशर शोधायला हात घालावा लागतो. धार सुटली की गाडी सोडून द्या, वीस मिनिटं तरी. धार बारीक झाली की गाडी धरून हळूच दोन्ही बाजूंना कलती करा, चेतक आडवी करून किक मारायची सवय असलेल्यांना हे शिकवायला नको. पेट्रोल बंद आहे ना हे बघून किक हाताने दोनतीनदा सावकाश दाबा, अजून दोन चमचे येतं.

डब्यात काय आलं ते बघा

बहुतेक लोक इथे डबा उचलून बाजूला ठेवतात आणि नवीन ऑइल ओततात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं काम मुळात ह्या डब्यासाठी करायचं. रक्त तपासायला दिल्यावर रिपोर्ट न बघता फाडून टाकतो का आपण?

पहिलं, सिरिंजने मोजा. २५० घातलं होतं, किती आलं? थोडं आतल्या भिंतींना चिकटून राहतं, २२०-२३० आलं तर उत्तम. त्याहून बरंच कमी आलं तर ते गेलं कुठे हे शोधायचं. पार्किंगमध्ये गाडीखाली डाग असतील तर उत्तर समोर आहे. डाग नाहीत आणि गाडी पांढरा धूर मारतेय, गरम झाल्यावरही थांबत नाहीय, तर ते मघाचं सील आठवा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना क्रँकच्या खोलीत ओढ तयार होते, त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. सील फाटलं असेल तर तीच ओढ गिअरच्या खोलीतलं ऑइलही ओढते आणि गाडी स्वतःचं गिअर ऑइल पिऊन जाळून टाकते.

माझ्या गाडीला हे झालं होतं. दोन महिने धूर, आणि मला एका गॅरेजवाल्याने आधी सांगितलं टूटी खराब आहे, मग सांगितलं टूटी जास्त पडतंय, मग कार्बोरेटर उघडला, मग पिस्टन रिंग. प्रत्येक वेळी पैसे. शेवटी वैतागून मी स्वतः ताजं २५० मिली भरलं, नऊशे किलोमीटर चालवली आणि काढलं तर १४० आलं. खाली एक डाग नाही. शंभर मिलीच्या वर ऑइल नऊशे किलोमीटरमध्ये सायलेन्सरमधून गेलं होतं! दुसऱ्या मेकॅनिककडे हा आकडा घेऊन गेलो तर त्याने धूर बघितलाही नाही, म्हणाला इंजिन खाली उतरवावं लागेल, सील टाकू. टाकलं. धूर बंद. पाव लिटर ऑइल आणि केमिस्टची सिरिंज, एवढ्यात जे कळलं असतं ते कळायला दोन महिने गेले.

उलटंही होतं. पिस्टन खाली येताना क्रँकच्या खोलीत दाब तयार होतो, तो फाटक्या सीलमधून पेट्रोल गिअरच्या बाजूला ढकलतो. मग डब्यात २५० पेक्षा जास्त येतं, पाण्यासारखं पातळ, आणि नाक नेलं की पेट्रोलचा वास. असं ऑइल असेल तर गाडी चालवत राहू नका, गिअरच्या दातांना वंगणच मिळत नाहीय.

दुसरं, रंग आणि चमक. काळं येणारच, कॉर्कची पूड, घाबरू नका. बोटांमध्ये चोळलं आणि करड्या पेस्टसारखं लागलं तरी ठीक, जुन्या गाडीचे दात झिजणारच. डबा उन्हात तिरपा धरा. सोनेरी बारीक चमक दिसली तर क्लचमधलं पितळ झिजतंय, क्लचची केबल फार ताठ ठेवलीय का बघा, लिव्हरला किंचित ढिलाई लागते. खरे तुकडे निघाले, नखाला लागतील एवढे, चुंबकाला चिकटणारे, तर ते गिअरच्या दाताचे किंवा गिअर क्रॉसचे (गिअर बदलताना आत सरकून गिअर पकडणारा फुलीसारखा तुकडा). तिथे ऑइल बदलून काही होणार नाही, इंजिन उघडायची तयारी ठेवा. आणि ताकासारखं पांढुरकं आलं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात अर्ध्या चाकापर्यंत पाण्यातून गाडी घातली असेल, सर्व्हिसिंगला प्रेशरने धुतली असेल, किंवा गाडी वर्षानुवर्षं पडून असेल.

पोराच्या गाडीतून १७० मिली आलं. वरून डांबर, आणि डबा हलवला तर कडेला पांढुरका साय धरल्यासारखा पट्टा. आजोबा गेल्यापासून गाडी गोठ्याच्या कडेला उभी होती, त्याने नंतर सांगितलं. तुकडे नव्हते, चमक नव्हती, म्हणजे आतून गाडी चांगली. अशा वेळी मी दोनदा बदलतो. स्वस्तातलं कुठलंही साधं ऑइल भरायचं, चारपाच किलोमीटर सगळे गिअर टाकत फिरायचं, गरम गरम परत काढायचं, ते आतलं पाणी आणि गाळ घेऊन येतं, मग चांगलं ऑइल. काही लोक डिझेल ओतून इंजिन चालू करतात, ते मला पटत नाही, क्लचच्या कॉर्कला आणि बेअरिंगला कशाला ती शिक्षा.

बूच परत बसवताना

केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, जास्त ताकद लावली तर कोण हरणार ते उघड आहे. ह्या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते नेहमी घट्ट करताना होतं, काढताना नाही. नवीन वॉशर लावा. बूच आणि केसिंगचा तोंडाचा भाग कोरड्या फडक्याने पुसा. मग पाना बाजूला ठेवून निव्वळ बोटांनी बूच फिरवा, चारपाच आटे सहज गेले पाहिजेत, अडला तर जबरदस्ती नको, उलटा फिरवून परत सुरुवात. बोटांनी बसला की पाना आखूड धरून मनगटाने आवळा. खांदा वापरायचा नाही. वॉशर दबल्याचं हाताला कळतं, तिथे थांबा, "अजून थोडं" हा मोह टाळा.

आटे आधीच गेलेले असतील तर? जुन्या गाड्यांत हे इतकं सापडतं की विचारू नका. माझी गाडी घेतली तेव्हा ड्रेनवर आधीच्या कोणीतरी टेफलॉन टेप गुंडाळून वरून एम-सील थापलं होतं. तसं करून गाडी चालते, पण मग ऑइल कधीच बदललं जात नाही, कारण तो बूच उघडायची हिंमतच होत नाही. लेथवाल्याकडे जा, तो भोक मोठं करून आत आट्यांची गुंडाळी बसवून देतो आणि मूळ मापाचाच बोल्ट परत बसतो. छोटं काम आहे. फक्त आत बुरादा राहणार नाही हे बघा, बसवल्यावर थोडं ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या.

भरणं

ऑइलची बाटली अर्धा तास उन्हात ठेवा, पातळ होतं. सलाईनच्या नळीचं एक टोक सिरिंजला, दुसरं भरायच्या भोकात चांगलं आत. ५० मिलीच्या पाच सिरिंजा म्हणजे झालं. सावकाश, दट्ट्या दाबायची घाई केली की नळी भोकातून उडते आणि ऑइल मागच्या टायरवर जातं, हे मी पोराला सांगेपर्यंत त्याचं झालं होतं. टायरवर ऑइल सांडलं तर साबणाच्या पाण्याने घासून काढा, नुसतं पुसून गाडी काढू नका, पहिल्याच वळणावर आडवे व्हाल.

गाडी सरळ उभी असताना ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की आपोआप बाहेर ओघळायला लागतं, तीच लेव्हल. पाचवी सिरिंज संपता संपता ओघळायला लागलं तर समजा सगळं जुळलं. दोनशेलाच ओघळलं तर गाडी कलती आहे किंवा जुनं ऑइल आत राहिलंय. थोडं जास्त असलेलं बरं असं म्हणून गाडी आडवी करून अजून भरू नका. जास्तीचं ऑइल मागच्या चाकाच्या सीलमधून वाट काढतं आणि ते थेट ब्रेकच्या लायनरवर जातं. चेतकचा मागचा ब्रेक आधीच दिलदार आहे, त्याला अजून ऑइल पाजायला नको. ओघळणं थांबेपर्यंत थांबा, वॉशर, बूच, मनगट.

मग गाडी चालू करा, दोन मिनिटं उभी ठेवा, आणि एक छोटी फेरी. चारही गिअर टाकून बघा. ऑइल बदलल्यावर गिअर मऊ पडतात हे खरं आहे, पण दुसरा किंवा तिसरा गिअर चालता चालता सुटत असेल तर ते ऑइलने बरं होणार नाही. आधी हँडलपासून येणाऱ्या दोन गिअर केबली बघा, त्या ढिल्या असतील तर ताणून घ्या, तरी सुटत असेल तर गिअर क्रॉस झिजलाय. परत येताना मोकळ्या रस्त्यावर मागचा ब्रेक एकदा दाबून बघा, धरला पाहिजे.

जुनं ऑइल गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात ते मला माहितीय, पण वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि कातडीला चांगलं नाही, तेव्हा नव्या ऑइलच्याच रिकाम्या बाटलीत भरा आणि ओळखीच्या गॅरेजला द्या, तिथे ड्रमात साठवतात आणि घेणारा येतो. हातही नीट धुवा, भांड्याच्या साबणात चिमूटभर साखर घालून चोळलं की निघतं.

परत कधी? मी वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, किंवा पाच हजार किलोमीटर झाले की, जे आधी येईल ते. बरीच वर्षं उभी असलेली गाडी असेल तर पहिल्या पाचशे किलोमीटरला परत एकदा काढून बघा. आणि लिहून ठेवा. माझी एक छोटी वही डिक्कीत असते, तारीख, किलोमीटर, किती घातलं, किती निघालं, रंग. चार ओळी झाल्या की गाडी काय म्हणतेय ते वहीच सांगायला लागते.

रात्री झोपायच्या आधी इंजिनखाली एक स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग असेल तर तो कशाच्या खाली आहे ते बघा, ड्रेनच्या खाली असेल तर वॉशर नीट बसला नाही, क्लचच्या आर्मखाली असेल तर तिथलं ओ-रिंग, किकच्या दांड्यापाशी असेल तर तिथलं सील, चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर मागचं सील आणि मग ब्रेक उघडून बघणं आलंच. पोराने सोमवारी सकाळी सात वाजता मला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. एक थेंब, रुपयाएवढा, क्लचच्या आर्मच्या बरोब्बर खाली. त्याला म्हटलं ओ-रिंग घेऊन ये, पुढच्या रविवारी बसू, आणि ह्या वेळी टायरवर आधी पेपर टाक.